नारिंगी काट्याचं साळिंदर

या, असे पुढे या. भिंतीला टेकून लांब बसू नका. गोष्ट लांबून ऐकली की तिची ऊब वाटेतच विरून जाते. आज तुम्हाला एक नणंद, एक भावजय आणि एक साळिंदर यांचं आख्यान सांगतो. यात राजा नाही, राक्षस नाही. शाप मात्र आहे, आणि तो कुणी उच्चारलेला नाही, लिहिलेला आहे. फुग्यात. कॉमिकमध्ये पात्रांच्या तोंडापाशी काढतात ना, त्या फुग्यात. भगवंतानं माणसाला जीभ दिली ती त्याचं नाव घ्यायला. तिची सुई कधी होते, ते ऐका.

खाली सोफे दुरुस्तीचं दुकान आणि त्यामागे दोन खोल्या, वर एक खोली आणि मधे लाकडी जिना. खालच्या खोल्यांत नवराबायको राहायची, वरच्या खोलीत नवऱ्याची थोरली बहीण. दुकान दोघांचं. नवरा खुर्च्यांचे सांगाडे बघायचा, बायको कापड आणि फोम. फाटलेली खुर्ची तिच्या हातात आली की ती आधी कापडावरून तळवा फिरवायची, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि मगच कात्री उचलायची. नणंदबाई पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर. दिवसभर लोक येऊन तिच्यावर ओरडायचे. नळ कोरडा, ओरडा हिच्यावर. गढूळ पाणी, ओरडा हिच्यावर. आणि त्या खिडकीचा नियम मोठा विलक्षण होता: तक्रार करणाऱ्याला मधे तोडायचं नाही, आणि त्याचं संपलं की त्याची तक्रार आपल्या तोंडानं त्याला परत सांगायची. तो "बरोबर" म्हणाला तरच पुढचा माणूस. समजा, तुम्ही शिव्या दिल्यात. बाई शांतपणे म्हणणार, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की पाणी येत नाही आणि आम्ही झोपा काढतो. बरोबर?" असं दिवसभर गिळलेलं संध्याकाळी कुठंतरी बाहेर पडायला हवंच की नाही?

ते पडायचं वेबकॉमिकमध्ये. नणंद-भावजय मिळून एक चित्रमालिका इंटरनेटवर टाकायच्या, 'जिन्याखालचे शेजारी'. एका जिन्याखाली राहणारे प्राणी. चिडका ससा, विसराळू बदक, सगळ्यांची भाडी थकवणारा कोल्हा. वाचक बरेच होते. पण ती करायची पद्धत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. भावजय आधी चित्रं काढायची आणि फुगे रिकामे ठेवायची. कागद जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवून यायची. नणंद कामावरून आली की तो उचलून वर न्यायची, आपल्या मनाला येतील ते शब्द फुग्यांत भरायची आणि टाकून मोकळी व्हायची. चित्रात काय आहे ते एकीनं सांगायचं नाही, शब्द काय येणार ते दुसरीनं विचारायचं नाही. कॉमिक प्रसिद्ध झालं की मगच दोघी बघणार. सगळी गंमत त्या न विचारण्यातच आहे, असं दोघींचं एकमत. बाकी एकमत कशावरच नव्हतं.

भावजयीला हसू यायचं ते भाबडं. बदक छत्री उलटी धरून चाललंय, छत्रीत पाणी साठलंय, त्यात बदकाची पिल्लं पोहतायत. एवढ्यावर ती स्वतःशी खुदखुदत राहायची. नणंद त्याच चित्रात बदकाच्या तोंडी घालायची, "मुलांना जगात सोडलं नाही की ती अशी डोक्यावर बसतात." वाचक खूश.

"अगं, तुझ्या विनोदाला दात म्हणून नाहीत," नणंद जेवताना म्हणायची.

"आणि तुमच्या विनोदाला ताई, दातच दात आहेत. तोंड कुठंय?"

"तोंड तुझं वापरते की! तू काढून देतेस."

नवरा मान खाली घालून जेवायचा. दोघींच्या मधे बोलायचं नाही, हे लग्नानंतर तो फार लवकर शिकला होता.

आता साळिंदराकडे येऊ.

दुकानात एकदा एक शिडशिडीत माणूस आला. अंगावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा निळा डगला, काखेत पिशवी. इकडंतिकडं बघून त्यानं पिशवीतून एक मुंडकं काढलं आणि टेबलावर ठेवलं. साळिंदराचं, टोपलीएवढं, आतून फोमचं. काळे डोळे, लहानसं नाक, आणि डोक्यावर काटेच काटे. ते काटे त्यानं विजेच्या तारांची जुनी आवरणं कापून केलेले होते. सगळे करडे आणि कानाजवळ एकच नारिंगी.

"आतलं अस्तर सुटलंय," तो म्हणाला. "घाम येतो. टोचतं."

"नाटकाचं आहे का?"

"नाही. माझं आहे."

भावजयीनं तळवा फिरवला. काट्यांवरून, उलट्या दिशेनं नाही, सुलट. "हा एकच नारिंगी का?" तिनं विचारलं.

"करडी तार संपली होती," तो म्हणाला, आणि हसला. "लोक विचारतात म्हणून तसाच ठेवला. विचारायला काहीतरी हवं ना लोकांना."

या मंडळींना फरी म्हणतात. केसाळ कापडाचे पोशाख शिवायचे, प्राण्याचं मुंडकं डोक्यावर चढवायचं आणि त्या प्राण्याच्या नावानं एकमेकांत वावरायचं. कुणी लांडगा, कुणी मांजर. सुट्टीच्या दिवशी एका टेबलटेनिसच्या हॉलमध्ये, टेबलं भिंतीला लावून, ही मंडळी जमायची. नाचायची, चेष्टा करायची, एकमेकांचे शिवणकामाचे टाके बघायची. भावजय अस्तर शिवून द्यायला म्हणून गेली आणि पुन्हा पुन्हा जात राहिली. मग तिनं स्वतःसाठी सशाचं मुंडकं केलं. सोफ्याच्या उरलेल्या फोमचं, एक कान वाकडा. त्या मुंडक्याच्या आत ती कुणाची बायको नव्हती, कुणाची भावजय नव्हती. तुम्ही म्हणाल, हा कसला वेडेपणा? असेल. पण भजनात डोळे मिटून डोलणाऱ्या माणसाकडे बाहेरून बघा. तेही वेडंच दिसतं. आतून काय असतं ते त्याचं त्याला ठाऊक.

त्या हॉलला एकच कडक नियम होता. कुणी मुंडकं उतरवलेलं असताना त्याचा फोटो काढायचा नाही, चित्र काढायचं नाही. हॉलच्या कर्त्या बाई निवृत्त गणिताच्या शिक्षिका होत्या, आणि तिथे त्या म्हातारं कुत्रं असायच्या. नव्या माणसाला त्या दारातच बजावायच्या, "इथे येताना माणूस बाहेर ठेवायचा. तो कुणी उचलून न्यायचा नाही."

नवऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, "ताईला सांगू नकोस हं."

कारण ताईचं मत घरात सगळ्यांना पाठ होतं. मोबाईलवर अशा मंडळींचा व्हिडिओ दिसला की ती तो भावाच्या नाकासमोर धरायची. "बघ, बघ हे! बायकोला, पोरांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून कुत्र्याचं लावून फिरतात. यांच्या घरचं पाणी तोडलं पाहिजे." कॉमिक काढणारे बाकीचे लोकही तेव्हा फरींची रेवडी उडवत होते, तोच बाजार चालला होता. आणि नणंद कुरकुरायची, "सगळ्यांनी हात धुऊन घेतले, आपणच मागे. आमची चित्रकार बदकांतून बाहेर येईल तर ना!"

किती दिवस लपवायचं? भावजयीला ते जड व्हायला लागलं. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती. ताईचा पहिला टोमणा येईपर्यंतच ती टिकली असती. मग तिला वाटलं, चित्रातून सांगावं. ताई चित्र बघेल, सावकाश बघेल, तिला कळेल.

आणि तिनं काढलं. हॉलमधला नळ. नळापाशी पाठमोरं बसलेलं साळिंदर, मुंडकं उतरवून शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या मांडीवर दिलेलं. दुसऱ्या चौकटीत तो ओंजळीनं पाणी पितोय. तिसऱ्यात कुत्रं त्या मुंडक्याचे काटे विंचरतंय, एखाद्या पोरीची वेणी घालावी तसं. चौथ्यात मुंडकं परत चढलंय, आणि मागे सगळे नाचतायत. माणसाचा चेहरा कुठंच दिसत नव्हता. तेवढी काळजी घेतली म्हणजे नियम पाळला, असं तिनं स्वतःला समजावलं. पण हात प्रामाणिक होता बिचारीचा. तिनं काटे काढले ते जसेच्या तसे, आणि कानाजवळचा तो एक काटा नारिंगी रंगवला.

फुगे रिकामे ठेवून कागद मधल्या पायरीवर ठेवला. बोलायचं काहीच नाही, हा नियम.

नणंदेनं तो उचलला आणि जिन्यातच थबकली. मग वर जाता जाता मोठ्यानं म्हणाली, "आली बाई आली! शेवटी आमच्या चित्रकाराला दात आले!"

खाली भावजयीच्या हातातली सुई थांबली. "काय म्हणाल्या?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"खूश आहे," नवरा म्हणाला. "बघ, उगाच घाबरत होतीस."

कॉमिक प्रसिद्ध झालं. पहिल्या फुग्यात कुत्रं विचारत होतं, "घरी कोण कोण असतं?" दुसऱ्यात साळिंदर म्हणत होतं, "आरसा." तिसऱ्यात कुत्रं, "मग इथे कशाला येतोस?" आणि चौथ्यात, त्या नाचणाऱ्या घोळक्यासमोर, साळिंदर सांगत होतं, "घरी मला कुणी जवळ घेत नाही. इथे निदान दोष काट्यांवर ढकलता येतो."

विनोद म्हणून वाईट नव्हता हो. खोटं कशाला बोलू? नेमका होता. आणि नेमका होता म्हणूनच तो लागला. 'जिन्याखालचे शेजारी'चं एवढं नाव कधी झालं नव्हतं. ज्यांना बदकं आवडायची नाहीत तेही ते चित्र इकडून तिकडे पाठवू लागले.

भावजय हॉलवर गेली तेव्हा हातात सशाचं मुंडकं होतं. ते चढवायचीही संधी मिळाली नाही. मांजर तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. लांडग्यानं आपला मोबाईल पुढे केला. "हे तुझं ना?"

"चित्र माझं. शब्द माझे नाहीत."

"अच्छा! म्हणजे दोर तुझा, फास दुसऱ्याचा."

"मी चांगल्या मनानं—"

"मनाचं राहू दे," म्हातारं कुत्रं म्हणालं. बाईंनी मुंडकं उतरवलं होतं. भावजयीशी त्या माणूस म्हणून बोलत होत्या, आणि तीच शिक्षा होती. "मी दारात काय सांगितलं होतं?"

"चेहरा काढला नाही मी."

"चेहऱ्यापेक्षा त्याला काट्यांवरून ओळखतात. तारा कुठल्या आहेत? लिफ्टच्या. त्याच्या कंपनीत नारिंगी तार कोण वापरतं ते शेंबडं पोर सांगेल. तो कुठाय, विचारलंस? आला नाही तो. ज्या लिफ्टचं काम निघावं तिचं दार उघडलं, की आत हे चित्र चिकटवलेलं. त्याच्याच सोबत्यांनी. छपाई करून आणलीय. अख्ख्या गावातल्या लिफ्टमध्ये. तो एक ओरबाडून काढतो, पुढच्या इमारतीत दुसरं. आरशाखालीच लावतात मुद्दाम. 'घरी कोण असतं? आरसा.'" बाईंनी दाराकडे बोट केलं. "आता जा. तो या हॉलमध्ये परत येईपर्यंत तू येऊ नकोस."

भावजय घरी आली आणि जिना चढून थेट वर गेली. चित्राचा कागद घेतल्याशिवाय त्या पायऱ्यांवर तिचं पाऊल फारसं पडत नसे.

"ताई, ते चित्र काढून टाका."

नणंद वाचकांच्या प्रतिक्रिया वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "वेड लागलंय? आत्ता कुठे लोक आपल्याला ओळखायला लागलेत."

"लोक एका माणसाला ओळखायला लागलेत. त्याचे हाल चाललेत."

"कुणाचे? साळिंदराचे?" नणंद हसली. "अगं, तूच आणून दिलंस ना त्याला माझ्या पायरीवर? मी काय जंगलात गेले होते?"

"मी तुम्हाला हसायला दिलं नव्हतं."

"मग कशाला दिलं होतं? आरती करायला?" आता तिनं मान वर केली. "आणि तुला एवढा पुळका कशाचा गं? कोण लागतो तो तुझा?"

हीच ती घडी होती. आत्ता बोलली असती तर सुटलं असतं. पण समोर ती नजर होती, व्हिडिओ दाखवताना असायची तीच, फक्त या खेपेला भावजयीवर रोखलेली.

"दुकानात येतो," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईकाला सांग, एवढं लागत असेल तर माणसासारखं राहा म्हणावं." नणंद पुन्हा मोबाईलमध्ये गेली. "पुढचं चित्र कधी देतेस? लोक वाट बघतायत. या हॉलचंच काढ अजून."

"मी आता काढणार नाही."

"नको काढू. बदकं तुझ्याविना उपाशी मरतील, बाकी कुणी मरणार नाही."

त्यानंतर मधली पायरी रिकामी राहू लागली. ताटं वाढली जायची, पण बोलणं नवऱ्यामार्फत. "तुझ्या बहिणीला सांग, मीठ तिकडंच आहे." "तुझ्या बायकोला सांग, मला दिसतंय." तो बापडा दोघींच्या मधे मीठ सरकवत बसायचा. शेवटी एकदा त्याचा बांध फुटला. "मी खुर्ची आहे का तुमची?" तो ओरडला आणि ताट घेऊन दुकानात जाऊन बसला. दोघी एकमेकींकडे न बघता जेवत राहिल्या.

भावजयीला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. हॉल परत मिळायचा तर साळिंदर परत यायला हवं. ते यायचं तर चित्र उतरायला हवं. आणि चित्र उतरवणं ताईच्या हातात. ताई ऐकून घेत नाही. घरात नाही, जेवताना नाही, जिन्यात तर नाहीच. मग ती ऐकून कुठे घेते?

कामाच्या दिवशी, भर सकाळी, पाणीपुरवठा कार्यालयाच्या दारात एक ससा उभा राहिला. एक कान वाकडा, बाकी अंगावर साधी साडी आणि दुकानातला एप्रन.

"बाई, हे काय?" पहारेकरी म्हणाला. "डोकं काढा."

"का? डोक्याची मनाई लिहिलीय कुठं?"

त्यानं फलकाकडे पाहिलं. थुंकू नये, धूम्रपान करू नये. सशाबद्दल काही नव्हतं. "तक्रार आहे का?" त्यानं हताशपणे विचारलं.

"आहे."

"मग रांगेत उभ्या राहा."

ससा रांगेत उभा राहिला. पुढच्या आजीबाई दोनदा वळून बघून म्हणाल्या, "उकडत नाही का गं?" "उकडतं," ससा म्हणाला. आजीबाईंनी हातातल्या पिशवीनं जरा वारा घातला. देव कुणाच्या हातानं वारा घालतो, सांगता येत नाही.

खिडकीतल्या बाईंनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "हा काय तमाशा आहे?"

"माझी तक्रार आहे. मधे तोडायचं नाही असा नियम आहे ना तुमचा?"

आवाज ऐकला मात्र, नणंदेच्या तोंडाचा रंग उडाला. तिनं ओठ घट्ट मिटले. शेजारच्या खिडकीतला कारकून बघत होता, मागे साहेबांचं दार उघडं होतं.

"बोला," ती दातांआडून म्हणाली.

आणि भावजय बोलली. सगळं. अस्तर, हॉल, वाकडा कान, नळ, चित्र प्रेमानं काढलं होतं हे, लिफ्ट, आरशाखालची चित्रं. बोलताना मुंडक्याच्या आत तिचं तोंड कसं झालं होतं कुणाला दिसलं नाही, पण आवाज सरळ होता.

"झालं?" नणंदेनं विचारलं. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की तुम्ही चोरून असल्या लोकांत जाता, आणि लोक हसले तर दोष आमचा. बरोबर?"

"चूक," ससा म्हणाला. "पुन्हा."

मागे एक माणूस पाय आपटत होता. "अहो बाई, माझा नळ चार—"

"थांबा हो!" नणंद खेकसली. मग आवाज पडला. "तुमचं म्हणणं असं, की... शब्द लिहिणाऱ्यानं आधी विचारायला हवं होतं."

"चूक. विचारायचं नाही असाच आमचा नियम होता. पुन्हा."

नणंदेनं खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं. काचेत तिला सशाचे काळे डोळे दिसत होते आणि त्यांवर तिचा स्वतःचा चेहरा. ती फार हळू बोलू लागली, एकेक शब्द तक्रारदाराला द्यावा तशी.

"तुम्ही स्वतः तिथल्या आहात. हे घरात सांगायची तुम्हाला भीती वाटली. ती माझी भीती वाटली. म्हणून चित्र काढून सांगितलंत. ते मी वाचलं नाही, त्यावर लिहिलं. आता एका माणसाला त्याच्या कामाच्या जागी उभं राहणं अवघड झालंय." मग आवाजात जुनी धार आली. "आणि त्याला न विचारता त्याला कागदावर आणलं, हे तुमचं. ते माझ्या माथी मारू नका."

मग वाकडा कान हलला.

"बरोबर," ससा म्हणाला.

"कार्यवाही होईल. पुढचे!"

कार्यवाही झाली, पण नणंदेनं आपल्या पद्धतीनं केली. चित्र उतरवलं नाही. त्यातले शब्द पुसले. 'जिन्याखालचे शेजारी'वर आता तेच चित्र होतं आणि चारही फुगे रिकामे. खाली खुलासा नाही, माफी नाही. लोक चिडले. विनोद कुठे गेला, भ्यायलात का, विकले गेलात का. काहींनी त्या रिकाम्या फुग्यांत आपले शब्द भरून फिरवले, आणि ते नणंदेच्या शब्दांहून ओंगळ होते. एकदा बाहेर गेलेली वस्तू कुठे परत येते? लिफ्टमधली चित्रं तर जुनीच होती. त्यांतले फुगे भरलेलेच राहिले.

मग साळिंदर दुकानात आला. निळा डगला, काखेत पिशवी. मुंडकं टेबलावर ठेवलं.

"अस्तर सुटलं का पुन्हा?" भावजयीनं विचारलं.

"नाही. अस्तर छान बसलंय. हे ठेवून घ्या."

"म्हणजे?"

"लिफ्टमध्ये मला आणि याला, दोघांना जागा नाही." तो हसला, पहिल्या दिवशी हसला होता तसाच. "काटे मात्र तुम्ही हुबेहूब काढलेत. म्हणूनच घोळ झाला."

"माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही हॉलवर या ना. माझ्यासाठी नका येऊ, मी नाही येणार हवं तर."

"बघू," तो म्हणाला. न येणारी माणसं म्हणतात तसं.

तेवढ्यात जिना वाजला. नणंद कामावर निघाली होती. टेबलावरचं मुंडकं तिनं पाहिलं, निळा डगला पाहिला आणि शेवटच्या पायरीवरच उभी राहिली.

"शब्द तुमचे का?" साळिंदरानं विचारलं.

"हो."

"शेवटचा. दोष काट्यांवर ढकलायचा." त्यानं मान हलवली. "त्याला मी हसलो होतो. सोबत्यानं दाखवलं, मी मोठ्यानं हसलो. चांगला होता. मग त्यानं विचारलं, हा तूच ना? तोवर मी तो नारिंगी काटा पाहिलाच नव्हता."

नणंदेचं तोंड उघडलं. एवढ्या वर्षांची सवय. शब्द आपोआप जमले. "म्हणजे तुमची तक्रार अशी, की—"

"नाही हो," तो म्हणाला. "तक्रार नाही."

तक्रारच नाही म्हटल्यावर परत काय सांगणार? ती तशीच उभी राहिली, एक हात कठड्यावर. त्यानं रिकाम्या पिशवीची घडी केली, खिशात घातली आणि तो गेला.

मुंडकं भावजयीनं फळीवर ठेवलं, फोमच्या गुंडाळ्यांशेजारी, जिन्याकडे तोंड करून. नणंद येता-जाता ते भिंतीकडे फिरवते. भावजय ते पुन्हा जिन्याकडे वळवते. यावर दोघी एक अक्षर बोलत नाहीत. मिठासाठी अजून नवरा लागतो. हॉलचं दार भावजयीला बंदच आहे. ज्यानं ते उघडायचं तो काही आलेला नाही. मधल्या पायरीवर परवा एक कागद दिसला म्हणतात. त्यावर चित्र नव्हतं. नणंदेनं नुसते चार फुगे काढून ठेवले होते, वेडेवाकडे, आत काही न लिहिता. भावजयीनं तो अजून उचललेला नाही, आणि नणंदेनं परत नेलेला नाही. दोघी तो ओलांडून चढउतार करतात.

एवढीच गोष्ट. आता उठायच्या आधी माझं एक ऐका. आज-उद्या तुम्ही कुठल्यातरी लिफ्टमध्ये शिराल. दार लागेल, समोर आरसा असेल, त्याखाली कागद ओरबाडल्याच्या खुणा असतील. तो डबा तुम्हाला न पडता वर नेतोय, तो कुणाच्यातरी हातच्या तारांवर. तेव्हा, नावानं हाक मारता येणार नाही, मला त्याचं नाव ठाऊक नाही, पण त्या साळिंदराची आठवण काढा. जो स्वतःवरच्या विनोदाला आधी हसला, त्याची.